नीलाताईंचे कॅचर

नीलाताईंइतकं भिडस्त माणूस मी पाहिलेलं नाही. जपानात, टोकियोजवळच्या इचिकावाला त्या आमच्या वरच्या मजल्यावर राहायच्या. एकदा दारोदार फिरणाऱ्या वर्तमानपत्राच्या माणसाने त्यांच्या हातात कपडे धुण्याच्या पावडरचे दोन डबे ठेवले आणि गळ्यात वर्षभराचं जपानी वर्तमानपत्र मारलं. तेव्हा त्यांना त्यातलं अक्षरही वाचता येत नव्हतं. "बिचारा उन्हातून आला होता गं," एवढंच स्पष्टीकरण. पण बेसबॉलच्या इतिहासात सर्वांत मोठा कॅचर कोण, हा विषय निघाला की याच बाई ओढणी खोचून उभ्या राहायच्या. त्यांचे यजमान श्रीकांतभावोजी त्यांना विरोधी पक्षनेत्या म्हणायचे.

तेव्हा कंपन्या पुण्या-मुंबईहून सॉफ्टवेअरवाल्यांना घाऊक भावाने जपानला पाठवत होत्या. नवऱ्यांमागून आम्ही बायका, कुकर आणि गोडा मसाला घेऊन. नीलाताई माझ्याआधी सात-आठ वर्षं आलेल्या, त्यामुळे कोणत्या वारी कोणता कचरा टाकायचा इथपासून सगळं मी त्यांच्याकडून शिकले. त्यांचा अमेय तिथल्याच शाळेत वाढला आणि मोहल्ल्यातल्या मुलांच्या टीममध्ये कॅचर झाला. म्हणजे बॅट्समनच्या मागे उकिडवं बसून चेंडू झेलणारा, आपल्या विकेटकीपरचा चुलतभाऊ. फरक एवढाच, की पिचरने कसा चेंडू टाकायचा ते हा मागून बोटांच्या खुणांनी सांगतो.

त्या टीमची एक रीत होती. दर रविवारी आयांनी आळीपाळीने एदोगावा नदीकाठच्या मैदानावर थंडगार बार्लीच्या चहाचे थर्मास न्यायचे आणि मॅच संपेपर्यंत बसायचं. नीलाताई स्वतःची पाळी तर करायच्याच, इतर आयांच्याही अंगावर घ्यायच्या. बाकीच्या बायका मुलांच्या नावाने ओरडायच्या. नीलाताई थर्मासशेजारी बसून, कोणता कॅचर का मोठा हे शेजारच्या आज्यांना मोडक्या जपानीत विचारत राहायच्या. शिवाय ते गळ्यात पडलेलं वर्तमानपत्र होतंच. त्याचं खेळाचं पान डिक्शनरी घेऊन वाचता वाचता त्या जपानी शिकल्या.

वाद व्हायचा संध्याकाळी, स्वयंपाकघरात. अमेयचा माणूस अमेरिकन, चेंडू पार प्रेक्षकांत भिरकावणारा. त्याचं घरातलं नाव हातोडा. नीलाताईंचा माणूस जुन्या काळातला जपानी, बॅटीने बेताचाच, पण कुठल्याही लेच्यापेच्या पिचरकडून काम करून घेणारा. तो मास्तर.

"आई, मास्तरचा बॅटिंग किती कमी आहे! जिंकायला रन लागतात."

"आणि वाचवलेले रन कोण मोजणार? तुझा मामा?"

अमेयला राग आला की तो जपानीवर घसरायचा. नीलाताई लगेच कणकेचा हात वर करायच्या. "जपानीत तू जिंकणारच रे. हिंमत असेल तर मराठीत हरवून दाखव." मग तो पाय आपटत, शब्द शोधत पुन्हा मराठीत यायचा. "तू चीट करतेस. तू... तू लबाडी करतेस!" एखादा नवा शब्द सापडला की त्याचा राग निम्मा ओसरायचा. मी पोळ्या भाजत ऐकत असायचे आणि कुणाचीही बाजू घेत नसे, कारण दोघंही माझ्यावर उलटत.

एका संध्याकाळी तो थकला आणि म्हणाला, "ओके. मास्तर पण मोठा." मला वाटलं, मिटलं एकदाचं. पण नीलाताई लाटणं थांबवून म्हणाल्या, "तसं पाहिलं तर मास्तरचा थ्रो सेकंड बेसपर्यंत धड पोचायचा नाही हं." अमेय किंचाळलाच. "काल तू उलटं म्हणालीस!" "काल घाईत बोलले. आज विचार केला."

पुढच्या रविवारी मैदानावर मी त्यांना विचारलं, "ताई, तुम्हाला एवढा आवडतो हा खेळ?"

"छे गं! तीन तास ऊन खात बसायचं, आणि निम्मा वेळ कुणी धावतसुद्धा नाही." समोर अमेय मास्क चढवत होता. त्याच्याकडे बघत त्या म्हणाल्या, "शाळेत काय झालं विचारलं तर 'बेत्सु नी' म्हणतो. काही विशेष नाही. दोन शब्द, तेही जपानी. जेवायला काय करू, तर 'नांदेमो', काहीही. भांडलं की मात्र तासभर माझ्या भाषेत बोलतो. प्रेमाने बोलत नाही, तर भांडून बोलू दे. उद्या हा वाद मिटला, तर आम्ही बोलायचं कशावर?"

त्या दिवशी मला त्यांचा फार हेवा वाटला. पुढे माझी मुलगी झाली, तेव्हा मी तिच्याशी भांडणाचे विषय आधीच शोधून ठेवले.

अमेय क्योतोला विद्यापीठात गेला आणि भावोजी-नीलाताई पुण्याला परतले. रविवारी कॉम्प्युटरवर मायलेकांची जुंपायचीच. मग एक दिवस भावोजींचा फोन आला. नीलाताईंना पक्षाघाताचा झटका आला होता. कळत सगळं होतं, पण वाचा गेली होती. मी सुट्टीत पुण्याला गेले तेव्हा त्यांना भेटले. तीच शेवटची भेट.

खोलीच्या दारातच मला अमेयचा चढा आवाज ऐकू आला. तो पलंगाशी बसून भांडत होता. आधी स्वतःची बाजू मांडायचा, मग आईची, तिच्याच ठसक्यात. मराठी अजून तशीच, लिंगं उलटीसुलटी, पण कुठे अडत नव्हती. त्याची मावशी कळवळून म्हणाली, "अरे हळू. तिला त्रास होईल."

"मावशी, हळू बोललो तर तिला वाटेल मी हरतो."

बोलता बोलता तो पुढे वाकला. त्याने आईचा हात हातात घेतला. "बरं आई. मास्तरच. मास्तर सगळ्यात मोठा. तू जिंकलीस."

नीलाताईंनी त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं. मग उशीवरची मान हळूहळू, मोठ्या कष्टाने, नकारार्थी हलवली.

अमेयने बाहीने डोळे पुसले, स्टूल पुढे ओढलं आणि म्हणाला, "अच्छा! आता तू हातोड्याच्या बाजूने? मग हातोडा का नाही, सांगतो. ऐक."