बियाण्याची बिअर

गाव सोडलं तेव्हा मी गणपतींच्या मांडीला मांडी लावून बसलो होतो. पेणहून पुण्याला कच्च्या मूर्तींचा टेम्पो निघाला होता. ड्रायव्हर ओळखीचा, पण त्याच्याशेजारी त्याची बायको आणि मेहुणी बसलेल्या, म्हणून माझी रवानगी मागे झाली. पेंढ्यात बसवलेले बिनरंगाचे पांढरेफटक गणपती आणि मधोमध मी, मांडीवर पत्र्याची पेटी घेऊन. खोपोलीच्या घाटात रस्त्याकडेच्या एका म्हातारीने हात जोडले, तेही थेट माझ्या डोळ्यांत बघून. मी आशीर्वाद दिला. पुढे तिच्या सुनेला जुळं झालं.

निघताना आई पेणच्या नाक्यापर्यंत आली होती. तिने एकच बजावलं, "जातोस तर जा. पण कशाच्या कारखान्यात चाललास ते कोणला सांगू नको." त्याआधी मी रोह्याच्या एका केमिकल कंपनीत होतो, तिथेच वरसे गावात भाड्याच्या खोलीत राहायचो, आणि सुट्टीला घरी आलो की आमचं कुत्रं मला ओळखायचं नाही, इतका वास मारायचा. बाबांचं मत असं की तो वास निदान औषधाचा तरी होता. आता पोरगा दारूचा वास घेऊन येणार.

तुम्ही जे मागे राहिलात आणि जे माझ्यासारखे पेटी घेऊन निघालात, त्या सगळ्यांसाठी हे लिहितोय. निघालेल्यांना यातलं बरंच माहीत असेल. राहिलेल्यांना तर सगळंच.

पुण्यात ज्याने मला नोकरी दिली, त्याला मी मुलाखतीत सांगितलं की टाकीला कान लावला की आत काय चाललंय ते मला कळतं. तेव्हा ती शुद्ध थाप होती. आता खरंच कळतं. रोह्यात मी रिअ‍ॅक्टर सांभाळले होते. तापमान, प्रेशर, व्हॉल्व्ह ही भाषा मला येत होती. फरक इतकाच की तिथे टाकीतून जे निघायचं ते अंगावर पडलं तर दवाखाना, आणि इथे पडलं तर लोक चाटायला तयार. माल्ट, हॉप्स, यीस्ट, फर्मेंटर, केग हे शब्द मी असे उचलले की वर्षभरात स्वप्नंही त्यांच्यातच पडायला लागली. स्वप्नात आई विचारायची, जेवलास काय, आणि मी सांगायचो, अजून फर्मेंट होतंय.

मग वरशाच्या घरमालकाची मुलगी, सुनीता, माझी बायको झाली. मग आम्ही मुळशीच्या रस्त्याला स्वतःची लहानशी ब्रुअरी टाकली. पत्र्याची शेड, बाहेर थोडी बाकडी, आत टाक्या. टाक्यांच्या मधून जायचं तर पोट आत ओढावं लागायचं, आणि मालक मीच असल्याने पोट रोज बाहेर येत होतं. टॅपवर सुनीता उभी राहायची. एका गिऱ्हाइकाने तिला विचारलं, ताई, तुमची सगळ्यांत स्ट्राँग कुठली? ती म्हणाली, "मीच. बाकी सगळ्या हलक्या." तो अजून येतो. गावात आईने सांगून ठेवलं होतं की आमच्या दिन्याचा पाण्याचा प्लांट आहे. बिअरमध्ये बहुतेक पाणीच असतं, त्यामुळे आई बहुतेक खरंच बोलत होती.

आता मुद्द्याचं सांगतो. आमचं गाव पेणजवळच्या कासूपासून खाडीच्या अंगाला. तिथल्या खाऱ्या जमिनीत एकच भात नीट येतं, ते म्हणजे राता. लाल तांदूळ, जाडा, हट्टी. पाहुण्याला वाढला तर त्याला वाटतं आपल्यावर राग आहे. दर वर्षी भाताची झोडणी झाली की बाबा गोणी घेऊन पुण्याला यायचे. एका वर्षी आम्हाला खाऊन तो सरेना, म्हणून मी तो शिजवून माल्टमध्ये घातला. तीन आठवड्यांनी टाकीतून जे उतरलं त्याला तांबूस रंग होता आणि चवीच्या अगदी टोकाला, आहे की नाही असं वाटावं इतकं, मीठ. पुणं वेडं झालं. लोक लोणावळ्याहून यायचे, नाशिकहून यायचे, एक जर्मन माणूस आला आणि रडला. दाढीवाली पोरं डोळे मिटून सांगायची की यात मातीच्या नोट्स आहेत. असणारच. आई पाखडते तेव्हा निम्मी माती राहतेच.

बाबांनी पहिला ग्लास उभ्यानेच घेतला. ते म्हणाले, "ताडीची धाकटी बहीण हाय. शिकलेली." मग दुसरा मागितला. त्या दिवसापासून गोणी घेऊन यायला त्यांना कारण मिळालं आणि मला गाव मिळालं. दिवसभर मी लोकांना माझं शेत पाजायचो, संध्याकाळी स्वतः प्यायचो. परकेपणावर इतकं स्वस्त औषध मला दुसरं सापडलं नाही.

आमची शेतं भरतीच्या पाण्याच्या पातळीखाली आहेत. बाहेरच्यांना हे सांगितलं तर वाटतं मी नेहमीसारखा फेकतोय. खाडी वर, शेत खाली, आणि मधे मातीचा बांध. तो बांध घराघरांत वाटलेला. अमुक झाडापासून तमुक दगडापर्यंत आमचा वाटा, पुढे पांडूकाकांचा, पुढे आणखी कुणाचा. पावसाळ्यानंतर ज्याने त्याने आपल्या वाट्यावर चिखल चढवायचा. आणि कुठे मोठी खिंड पडलीच, तिला आम्ही खांड म्हणतो, तर जोळ. म्हणजे घर तिथे एक माणूस, सगळ्यांनी ओळीने उभं राहून चिखलाचे गोळे हातोहात पुढे द्यायचे आणि पुढची भरती यायच्या आत खांड बुजवायची. पिढ्यान्‌पिढ्या हेच चाललं.

आमच्यात एक रीत आहे, आणि ती रीतच आम्हाला नडली. दुसऱ्याच्या वाट्याला हात लावायचा नाही. ज्या घरात माणूसच उरला नाही, त्याचाच वाटा शेजारी भरतो. म्हणजे तुम्ही कुणाच्या वाट्यावर चिखलाची पाटी टाकलीत तर ते घर संपलं असं गावाला सांगितल्यासारखं होतं. आता घरं संपली नव्हती, नुसती कुलपं लागली होती. कुणी ठाण्याला, कुणी पनवेलला, कुणी आखातात, कुणी रोह्याला शिफ्टमध्ये. एका सुट्टीत मी बांधावर गेलो तर पांडूकाकांचा वाटा खेकड्यांनी पोखरलेला, वरून खचलेला. पांडूकाका जाऊन वर्षं झाली होती, पोरं मस्कतला. मी फावडं उचललं.

"ठेव ते खाली," बाबा म्हणाले.

मी म्हटलं, दोन दिवसांचं काम आहे, पडेल हो हे.

"पांडूची पोरं काय मेली? आपण भरला तर उद्या ती येतील तवा त्यांना काय सांगायचं? तुमचं घर आमी बुडीत धरलं? येतील ती. त्यांचा वाटा ती भरतील."

सगळं गाव असंच अदबीने थांबलेलं. कुलपाच्या घरांचा मान राखत. असा मान दुसऱ्या कुणी राखला असेल असं मला वाटत नाही. आमचा वाटा तेवढा बाबा दर वर्षी एकटे चढवायचे, राजाच्या हत्तीला सजवावं तसा.

त्या पावसाळ्यात अमावस्येच्या उधाणाला पांडूकाकांचा वाटा गेला. सकाळी आईचा फोन आला. "खांड पडली रे. जोळ हाय म्हणून वरडतात, पण माणूस नाय." सुनीताने शेडवर 'आज बंद' लावलं आणि आम्ही गाडी काढली. वडखळपर्यंत मी असा आलो की रस्त्यातल्या गाईंनी नंतर तक्रार केली असेल.

बांधावर जमलेल्यांची वयं मिळवली असती तर थेट शिवकाळात पोचलो असतो. सगळ्यांत तरुण मी, आणि मला तर वाकताही येत नव्हतं. तरी ओळ लागली. सुनीता साडी खोचून उतरली. आई म्हणाली, "गो, तू बायमाणूस, जोळात बाया नसतात." सुनीता म्हणाली, तर मग पुरुष दाखवा. मग आई स्वतःच उतरली. गोळ्यामागून गोळा पुढे जात होता. म्हातारे शिव्या देत होते, हसत होते, एकमेकांच्या गुडघ्यांची टिंगल करत होते. तो वेळ इतका चांगला गेला की मला वाटलं, बुजतेय. खरंच बुजत आली होती. दोन माणसं उभी राहतील एवढी फट राहिली आणि ओहोटीचं पाणी फिरलं.

भरतीने आमचा चिखल एका घोटात घेतला. नंतर ढेकरही दिला नाही.

सरकारी ऑफिसातून सांगण्यात आलं की मशीन येईल. पावसाळ्यानंतर पोकलेन आलं, चिखलात कमरेपर्यंत रुतलं, त्याला काढायला दुसरं आलं, तेही रुतलं. ते दोन्ही बाहेर निघेपर्यंत खांड इतकी रुंद झाली की पलीकडचा माणूस ओळखू येईना. शेतात खाडी रोज दोनदा येऊन जाऊ लागली, सासरी-माहेरी केल्यासारखी. दुसऱ्या वर्षी तिवरं उगवली, म्हणजे खारफुटी. तिवरं उगवली की ती तोडता येत नाहीत, कायदा आहे, आणि कायदा चांगल्यासाठीच आहे, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. फक्त त्याखाली आमचं शेत आहे. राता खाऱ्या जमिनीत येतो हो, पण खाऱ्या पाण्यात उभा राहायला तो काही मासा नाही.

माझ्याकडच्या गोण्या संपल्या. मग मी बाजारातून दुसरा लाल तांदूळ आणला आणि तीच बिअर त्याच नावाने लावली. भीती अशी की गिऱ्हाइकं ग्लास फेकून मारतील. कुणाला काही कळलं नाही. एक दाढीवाला तर डोळे मिटून म्हणाला की या वेळी माती जास्त खोल लागतेय. मी शेडच्या मागे जाऊन उभा राहिलो. इतकी वर्षं मी ज्यांना गाव पाजत होतो, त्यांना ते कधी लागलंच नव्हतं. ते एकट्या मलाच लागत होतं. सुनीताने त्या दिवशी पहिल्यांदा विचारलं, हे सगळं आपण कशासाठी चालवतोय. माझ्याकडे एकही थाप शिल्लक नव्हती.

आणि मग बाबा आले. झोडणीचा मोसम नव्हता. खांद्यावर गोणी. मी तिचं तोंड उघडून पाहिलं तर आत भात होतं, सालीसकट, एकसारखं, निवडलेलं. शेतकऱ्याच्या घरातलं असं भात म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको. दुष्काळात माणसं उपाशी झोपली, पण बियाण्याला कुणी हात लावला नाही.

"ह्याची पण करून टाक," बाबा म्हणाले.

मी म्हटलं, हे बियाणं आहे.

"मग? पेरायचं कुठं? तुझ्या टेबलांवर? ठेवलं तर दोन सालांत रुजायचं थांबंल. उंदीर खाण्यापरीस तुझी गिऱ्हाइकं पितील." मग म्हणाले, "गिरणीवर मी नाय नेनार. ते तू ने."

मी नेलं. गिरणीच्या दारात उभा राहून साल उडताना पाहिली. ती बिअर मी टॅपवर लावली नाही. तयार झाल्यावर बाबांना पुन्हा बोलावलं आणि शेडला कुलूप घालून आम्ही तिघांनीच प्यायली. तशी चव मी पुन्हा करू शकणार नाही, हे मी फुगवून सांगत नाही. बाबांनी ग्लास संपवला आणि सुनीताला म्हणाले, "चांगली झाली गो." त्यांना मी राहा म्हटलं. आईला घेऊन येतो, इथेच राहा, तिकडे आता आहे काय. ते म्हणाले, "आमी आलो का दाराला कुलूप. मग आपला वाटा कोन भरंल?"

मला वाटलं, बोलायचं म्हणून बोलले. मी त्यांना गाडीने घरी सोडलं, तर चहा व्हायच्या आत ते पाटी घेऊन निघाले. मी मागून गेलो. ओहोटी होती. पांडूकाकांचा वाटा नव्हता, पलीकडचा नव्हता, त्याच्या पलीकडचाही नव्हता. आमचा होता. खाडीच्या मधोमध, दोन्ही अंगांनी पाणी वाहत असताना, आमच्या वाट्याचा तुकडा उभा होता. नीट चढवलेला, वरून हात फिरवून गुळगुळीत केलेला. त्याच्यामागे राखायला काहीही नव्हतं, नुसती तिवरं.

बाबा गुडघाभर पाण्यातून त्याच्यावर चढले, पाटी रिकामी केली आणि मला म्हणाले, "उभा काय राहिलास. घरातला हायस ना."

पुण्यात कुणी गाव विचारलं की मी अजून पेणजवळ म्हणून सांगतो, आणि लोक विचारतात, ते गणपतीवालं? मी हो म्हणतो. आता तिकडे जातो तेव्हा चप्पल दारात काढतो, खाली वाकतो, चिखल उचलतो आणि बाबांच्या हातात देतो. पाणी फिरेपर्यंत तेवढंच घर असतं.