पायाळू हमाल

हिंगोलीच्या मोंढ्यात हळदीची पोती वाहणारा एक हमाल पायाळू होता; जन्मताना त्याचे पाय आधी आले होते. कंबरेत चमक भरली की लोक त्याच्यापुढं पालथे पडत आणि तो पाठीला पाय लावी.

रॉकेलचा डबा उचलताना माझी कंबर धरली, तेव्हा मीही गेलो.

"गुरुजी, पायाला मुंग्या येऊन राहिल्या का?"

"व्हय."

"मग मी पाय लावत न्हाई. दवाखान्यात जा."

"काहून? लोकांना तर गुण येतो."

"चमक चार दिवसांत आपोआप जाते. तुमचं निराळं दिसतं."

दवाखान्यात नस दबल्याचं निघालं. महिनाभर फळीवर झोपलो.

बरा होऊन मोंढ्यात गेलो, तर एक शेतकरी पालथा पडला होता आणि हमाल पाय लावण्याआधी डोळे मिटून हात जोडत होता. त्याचा स्वतःच्या पायावर विश्वास होता की नव्हता, मला अजून कळलेलं नाही.