शेळ्यांच्या वाटेनं तळ्यावर

मला लहानपणापासून लोकांचे आवाज काढायची खोड. फुलंब्रीच्या शाळेत होतो तेव्हा हेडमास्तरांच्या आवाजात "आज अर्धी सुट्टी" म्हणून अख्खा वर्ग घरी पाठवला होता. अकरावीला संभाजीनगरच्या कॉलेजात आलो, तिथंही तोच उद्योग. यानं आपलं काय नुकसान होतंय ते मला कळत नव्हतं. कळलं ते एका डोंगराच्या उतारावर, अर्ध्यात.

कॉलेजची सहल होती. अजिंठ्याच्या रांगेत एका डोंगराच्या माथ्यावर तळं आहे. पावसाळा सरता सरता काठोकाठ भरतं. ते बघायला निघालो. भूगोलाच्या सरांनी बसमध्येच सूचना चालू केल्या. सर नाकातून बोलतात. "बूट घट्ट बांधा. पाणी जपून प्या. मुरमावर पळायचं नाही. वाट सोडायची नाही."

मी मागच्या सीटवरून तसंच नाकातून जोडलं, "आणि श्वास नाकानंच घ्यायचा."

सगळी बस हसली. सर नाय हसले. त्यांनी माझ्या गळ्यात एक शिट्टी अडकवली. "तू सगळ्यात मागं राहायचं. तुझ्या मागं एकही माणूस राहता कामा नये. अन् ही अडचणीतच वाजवायची."

माझ्या पुढं, म्हणजे शेवटून दुसरा, माझा दोस्त. उस्मानपुऱ्यात त्यांचं चष्म्याचं दुकान. अंगानं जड, लहानपणी दम्यानं लई बेजार झालेला. पोरं त्याला बसमध्येच म्हणली, "तू डायवरजवळ झोप, आम्ही येतोच." खाली उतरल्यावर तो मला म्हणला, "घर में भी यहीच बोले. तेरे से नहीं होता. आज तालाब देखकेच आऊंगा, देख तू."

पहिल्या तासात मी शिट्टी तीनदा वाजवली. एकदा क्रांती चौकातला ट्रॅफिक हवालदार म्हणून, एकदा कबड्डीचा पंच म्हणून, एकदा उगंच. तिन्ही वेळा सर धापा टाकत मागं आले. तिसऱ्यांदा म्हणले, "आता वाजव, मी येतच नसतो."

दोस्त दर वीस पावलांवर थांबायचा, कमरेवर हात ठेवून ढगांकडं बघायचा, जसं काय ढगांसाठीच थांबलाय. त्याच्या नादात पुढची पोरं वळणाआड गेली. वळणावर वाटेला दोन फाटे. तिथं एक म्हातारी शेळ्यांना हाका मारत बसलेली. माझी जित्याची खोड, तिच्याच आवाजात विचारलं, "आवं आज्जे, तळ्याची वाट कंची वं?"

म्हातारीनं मला खालून वर बघितलं. "माणसाची वाट उजवीकडनं. शेळ्याची डावीकडनं. तुमी कोण?"

मी म्हणलो, "म्यॅऽऽ."

"मग डावीकडनं जा," म्हातारी म्हणली. चेहऱ्यावरची रेष हलली नाय.

आता माणसानं यातून काय समजावं? मला वाटलं जवळची वाट सांगितली. आम्ही डावीकडनं गेलो.

सुरुवातीला झकास होतं. लेंड्या बघत बघत चाललो, म्हणजे वाट बरोबर. मग वाट पावलाएवढी झाली अन् मुरूम लागला. तांबडा, सुट्टा, पायाखाली ज्वारीच्या दाण्यासारखा पळणारा. उजवीकडं चढ, डावीकडं घसरण, अन् तळाला नाल्यातले काळे दगड. मी पुढं होऊन कसाबसा पलीकडच्या खडकावर पोचलो. मागं बघतो तर दोस्ताचा पाय सटकलेला. त्यानं गवताचा झुबका धरला, झुबका मुळासकट हातात आला. तो पोटावर आडवा झाला अन् उताराला पालीसारखा चिकटला. ना पुढं, ना मागं.

मोबाईलला रेंज नाय. मी शिट्टी घातली तोंडात अन् जीव खाऊन फुंकली. लांब वरून नाकातला आवाज आला, "पुरे आता!"

कुणी येणार नव्हतं, अन् त्याला कारण मीच होतो.

माझ्याकडं तर एकच हत्यार. त्याची भीती घालवायला मी त्याच्या अम्मीचा आवाज काढला, "उठ रे, नई पँट की मिट्टी कर डाला!" तो फिसकन हसला. हसला तशी पकड सुटली अन् तो वीतभर खाली सरकला. बारके खडे टणटण करत नाल्यात गेले. ते तळाला पोचेस्तोवर आम्ही दोघंही ऐकत होतो.

आयुष्यात पहिल्यांदा मला कुणाचाच आवाज सुचेना.

तेवढ्यात खालून हाक आली. "आरं ए म्यॅऽऽ!" म्हातारी आमच्या मागं मुरूम लागतो तिथपर्यंत आली होती. "त्याला म्हणावं गवत नगं धरू! करवंदीची जाळी धर, बुडाशी! काटं टोचत्यात तर टोचू दे! अन् भुईला नगं चिकटू, हुबा राहा, टाच रोव!"

त्याचा कान मुरमाला टेकलेला, वाऱ्यात त्याला नीट ऐकू गेलं नाय. मी सवयीनं तिच्याच आवाजात सांगायला लागलो, "गवत नगं धरू..."

"अबे नक्को!" तो ओरडला. डोळे मिटलेले, गाल मुरमाला टेकलेला. "किसी का भी आवाज मत निकाल. तेरे आवाज में बोल. मेरे कू समझना तो होना, सच्ची बोलरा के मजाक कररा."

मी तोंड उघडलं तर आवाज चिरका आला. माझा खरा आवाज एवढा बारीक आहे हे मलाच नवीन होतं. "सच्ची बोलरा," मी म्हणलो. "उजव्या हाताला जाळी हाय. धर. काटे हायेत, पण सुटणार नाय."

त्यानं धरली. कळवळला. सोडली नाय.

"आता पोट उचल. हळू. उजवी टाच घाल मुरमात. जोरात. हां. आता डावी."

"पक्का?"

"पक्का."

मी उलटा दोन पावलं त्याच्याकडं गेलो, टाचा रोवून बसलो, हात लांब केला. एक टाच, थांबा. दुसरी टाच, थांबा. मधे एकदा मुरूम सरकला तेव्हा त्यानं माझ्या तोंडाकडं बघितलं. मी म्हणलो, "काय नाय, चल," अन् तो चालला. अकरा पावलं. अकराव्याला त्याचा हात माझ्या हातात आला, रक्तानं अन् करवंदीच्या चिकानं चिकट. मी असा ओढला की दोघंही खडकावर पालथे पडलो. खालून म्हातारी ओरडली, "झाल्या का शेळ्या पार?" आम्ही दोघांनी मिळून म्यॅऽऽ केलं. डोंगर घुमला.

खडकावरून दहा हात वर चढलो अन् समोर तळं. काठोकाठ. अन् काठावर चिटपाखरू नाय. माणसाची वाट डोंगराला वळसा घालून येत होती, त्यात सर आमच्यासाठी वरच्या वळणावर अर्धा तास खोळंबले होते. आम्ही पहिले!

वर्ग आला तेव्हा दोस्त पाण्यात पाय सोडून, डोक्याला ओला रुमाल बांधून बसला होता. बसमधली पोरं त्याच्याकडं बघतच राहिली. तो म्हणला, "आओ आओ. डायवर के पास सो रहे थे क्या?"

सरांनी मला बाजूला घेतलं. मी काय झालं ते सरळ सांगितलं, म्हातारीसकट, म्यॅसकट. सरांनी मला मनसोक्त झापलं. वाट सोडली, दोस्ताला मागं ठेवून धोक्यात घातलं, सगळं खरं होतं. झापून झाल्यावर ते दोस्ताजवळ गेले, त्याचे तळहात बघितले, पिशवीतून चिमटा काढला अन् म्हणले, "दे इकडं, काटे काढतो."

दोस्तानं दोन्ही मुठी मिटून घेतल्या. "नक्को सर. रक्त धो लेता मैं. पर काटे घर जाके. पहले अम्मी-अब्बा कू दिखाता, फिर निकालेंगे."

उतरताना आम्ही माणसाच्या वाटेनं उतरलो. तो सगळ्यात पुढं चालत होता, दोन्ही पंजे वर धरून, अन् समोरून जो येईल त्याला दाखवत.