हा रकाना केव्हापासून आहे?

मित्रहो, तारापूरच्या आमच्या रसायन कारखान्यात आज सकाळी एका कोऱ्या रकान्याने मला विचारात पाडले.

ग्राहकाने परत पाठवलेल्या बॅचच्या संगणकावरील नोंदीत आम्लतेचा रकाना कोरा होता. तो भरायचा राहिला असे समजून व्यवस्थापकांनी ऑपरेटर वसंतला कामावरून कमी करण्याचे पत्र तयार ठेवले होते.

"साहेब, त्या दिवशी हा रकाना नवताच. भरू कुठं?" जवळच्या कुंभवली गावचा वसंत म्हणाला.

"मग आता काय आपोआप उगवला?" व्यवस्थापक म्हणाले.

वसंतचे विधान तपासण्याजोगे होते. आमची प्रोग्रॅमर नेहा डेटाबेसमधील टेबलांची रचना, म्हणजे कोणत्या तक्त्यात कोणते रकाने असतील हे, ठरवणारा कोड फायलींत ठेवते आणि त्यातील प्रत्येक बदल तारखेसह जपते. या सवयीला मी आजवर अतिरेक समजत होतो. तिने तो इतिहास उघडला. आम्लतेचा रकाना त्या बॅचनंतर चार दिवसांनी जोडला गेला होता.

"सर, त्याआधीच्या सगळ्याच नोंदींत तो कोरा दिसणार," ती म्हणाली.

पत्र मागे घेतले गेले आणि वसंत आपल्या पाळीवर गेला.

उत्तर न देणारा माणूस आणि ज्याला प्रश्नच विचारला गेला नाही असा माणूस, पडद्यावर दोघे सारखेच दिसतात. मात्र रकाना का जोडला, हे त्या फायलीतही नव्हते. तुमच्याकडे बदलाच्या तारखेसोबत त्याचे कारणही कोणी लिहून ठेवते का?