बर्फाला घाम फुटेपर्यंत

जनावरांच्या दवाखान्यात लस टोचणाऱ्या त्या माणसाला सगळी गोठ्यांची गल्ली बर्फवाला म्हणायची. कारण त्याच्या खांद्यावरची निळी पेटी. पहिल्या वर्षी तो ती घेऊन गल्लीत शिरला, तेव्हा पोरं आइस्क्रीम मागत मागे धावली होती. पेटीतून सुई निघाल्यावर ती पसार झाली, नाव मात्र चिकटलं ते चिकटलंच. त्याला आता एकवीस वर्षं झाली.

माणूस कामाचा, पण बूड टेकून बसणं त्याला ठाऊकच नव्हतं. जेवता जेवता दोनदा उठून दाराशी जायचा. समोरच्याचं वाक्य अर्ध्यात तोडून ‘हो हो, कळलं’ म्हणायचा, आणि कळलेलं काहीच नसायचं. न्हावी तर वैतागून म्हणायचा, एक तर डोकं स्थिर ठेवा, नाही तर कान घरी ठेवून या. बायको घरी शिलाई करायची. या माणसाला कापड धरायला दिलं तर टीप जन्मात सरळ येणार नाही, असं तिचं अनुभवाचं मत होतं.

आणि अशा माणसाच्या नशिबी रोज सकाळी एक काम यावं, ते नेमकं बसून राहण्याचं! फ्रीझरमधून काढलेले आइसपॅक थेट पेटीत घालायचे नसतात. ते टेबलावर मांडायचे आणि वाट बघायची. वरचं पांढरं दव विरघळतं, बर्फाला घाम फुटतो, मग पॅक कानाशी धरून हलवायचा. आत पाणी डुचमळलं की समजायचं, झालं. मग पेटीत आधी पॅक, मग लसीच्या बाटल्या. लसीला ऊन सोसत नाही हे कुणीही सांगेल. पण लाळ-खुरकुताच्या लसीला गोठणंही सोसत नाही, हे फार थोड्यांना माहीत असतं. गोठलेली बाटली पुन्हा पातळ होते, पण आतली लस कामातून गेलेली असते. म्हणून हा अर्धा-पाऊण तास थांबायचं. तेवढ्यात तो सुया मोजायचा, जनावरांच्या कानांत घालायचे बिल्ले ओळीने मांडायचा, अंगणात तीन चकरा मारायचा आणि दर दोन मिनिटांनी येऊन पॅक हलवायचा.

गल्लीत तीसेक गोठे. दिवस उजाडायच्या आत निम्म्या शहराचं दूध तिथून निघायचं. लस टोचली की दोन-तीन दिवस दूध कमी येतं, त्यामुळे बर्फवाल्याची पेटी दिसली की गल्लीतल्या दुधाळ गाई अचानक माहेरी गेलेल्या असायच्या. समोर उभ्या असायच्या भाकड गाई आणि म्हातारे बैल. पण बर्फवाला गोठा वाचायचा. खुंटे पाच आणि गाई तीन, दावं ओलं, गव्हाणीत अर्धी चघळलेली वैरण. तो नुसता त्या रिकाम्या खुंट्यांकडे बघत राहायचा. मग मालक डोकं खाजवायचा आणि मागच्या बाजूने गाय यायची. वर्षानुवर्षं असं करत त्याने एकेक दार उघडलं होतं. मावशीचं तेवढं उघडलं नव्हतं.

मावशी एकटी राहायची. तिच्या तीन गाई, त्यातल्या तांबडीच्या दुधावर तिचं घर चालायचं. दर वेळी ती दोन गाई पुढे करायची आणि तांबडीला चक्क स्वयंपाकघरात बांधायची. एकदा ती आतून हंबरली.

“आत कोण आहे, मावशी?”

“टीव्ही.”

“टीव्हीने शेण टाकलंय, दाराखालून दिसतंय.”

“तुला काय करायचंय? माझा टीव्ही आहे!”

अशी आठ वर्षं गेली. मग एके दिवशी सकाळी खबर आली, की नदीपलीकडच्या वस्तीत गाईंच्या तोंडाला फेस आलाय, जिभेवर फोड आहेत, पाय टेकवत नाहीत. लाळ-खुरकूतच, बर्फवाल्याने ओळखलं. नदी म्हणजे काय, एका पुलाचं अंतर. एकाच्या गोठ्यातलं शेण दुसऱ्याच्या बुटाला लागून आलं तरी साथ येते. लस अंगात मुरायला दोन आठवडे लागतात. म्हणजे आजच टोचायला हवं होतं, खरं तर कालच. त्याने फ्रीझर उघडला, चार पॅक काढले, टेबलावर ठेवले, पुन्हा उचलले आणि सरळ पेटीत घातले. सहा बाटल्या त्यांच्या मध्ये कोंबल्या आणि निघाला.

तो दिवस त्याच्या आयुष्यातला सगळ्यात चांगला दिवस होता असं त्याला संध्याकाळपर्यंत वाटत होतं. साथीच्या भीतीने गाई स्वतःहून बाहेर आल्या. आणि मावशी फाटकात उभी राहून म्हणाली, “खरं सांग. काय काय होईल?”

“दोन-तीन दिवस दूध कमी येईल. मानेला गाठ येईल, आठवड्यात जिरेल. एखादा दिवस वैरण खाणार नाही. हे सगळं होऊ शकतं, मावशी.”

“इतकी वर्षं सगळे म्हणाले, काही होत नाही. होतं म्हणणारा तू पहिला,” मावशी म्हणाली. आत गेली आणि तांबडीला स्वयंपाकघरातून घेऊन आली. स्वतः तिच्या नाकात बोटं घालून तिला धरून उभी राहिली. तिने आणलेला चहा बर्फवाल्याने उभ्या उभ्याच प्यायला, पण पूर्ण प्यायला.

एक्क्याऐंशी जनावरं झाली. दवाखान्यात परतून तो पेटी धुवायला बसला, उरलेली बाटली फ्रीजमध्ये ठेवायला उचलली आणि तशीच हातात राहिली. दुधासारखी एकजीव असायला हवी ती लस फुटली होती. वर तेलाचा थर, खाली पाणी. त्याने हलवली, पुन्हा हलवली. क्षणभर मिसळली आणि परत वेगळी झाली. त्याने रिकाम्या बाटल्या एकेक करून उजेडात धरल्या. दोन बाटल्यांच्या तळाशी तेच. बाकीच्यांचं काही कळेना. कुठल्या गाईला कुठल्या बाटलीतलं गेलं, ते कोण सांगणार? त्याला सकाळचं टेबल आठवलं. पॅक ठेवले आणि उचलले. कानाशी धरलेच नव्हते.

घरी तो जेवला नाही. मशीनपासून खिडकीपर्यंत आणि खिडकीपासून मशीनपर्यंत फिरत राहिला. बायकोने पाय पॅडलवरून काढला.

“अहो, काय झालंय ते बोला. नाही तर बाहेर जाऊन फिरा. माझी बाही तिरकी जातेय.”

त्याने सांगितलं. तिने मशीनमधून बाही सोडवून घेतली. मग म्हणाली, “अर्धा तास थांबवलं नाही तुम्हाला?”

“साथ आलीये गं पलीकडे!”

“म्हणूनच थांबायचं ना,” ती म्हणाली आणि बाही उसवायला घेतली. त्याला तिचा राग आला. त्याहून जास्त स्वतःचा आला.

दवाखान्याच्या डॉक्टरीणबाई वयाने त्याच्या मुलीएवढ्या. सकाळी त्यांनी फुटलेली बाटली पाहिली, किती जनावरं ते विचारलं आणि कपाटात किती लस शिल्लक आहे ते तपासलं. रागावल्या नाहीत. “काका, सगळ्यांना पुन्हा टोचायचं. बूस्टर म्हणून सांगा. पहिल्यांदा टोचलेल्यांना महिन्याने दुसरा डोस असतोच, आपण जरा आधी देतोय.”

“पण मॅडम, हे खोटं झालं.”

“खरं सांगितलंत तर गल्ली तुम्हाला दारात उभं करेल? साथ पुलापलीकडे आहे. मला तुमची कबुली नकोय, मला ती जनावरं हवीत.” बाईंचं चुकत होतं असं मी तरी म्हणणार नाही. त्याच्या जागी शंभरातल्या नव्व्याण्णवांनी सुटकेचा श्वास सोडला असता, आणि त्यानेही सोडला.

त्या दिवशी मात्र तो पॅकपाशी पाऊण तास खिळल्यासारखा उभा राहिला. मग गल्लीत गेला. पहिल्या तीन गोठ्यांत बूस्टर हा शब्द इतका सहज खपला की त्यालाच कसंतरी झालं. तिसरा गोठा पैलवानाचा. तो म्हशीला धरून कुरकुरला तेवढंच. चौथं फाटक मावशीचं.

“दूध कमी आलं सकाळी,” मावशी म्हणाली. “तू सांगितलं होतंस, म्हणून गप्प बसले. आज काय?”

“बूस्टर आहे मावशी. दुसरा डोस.”

“काल सगळं सांगितलंस. हे का नाही सांगितलंस?”

उत्तर तयार होतं. वरून आदेश आला, असं म्हणायचं आणि मोकळं व्हायचं. त्याने तोंड उघडलं. एका पायावरून दुसऱ्या पायावर भार दिला, पेटीचा पट्टा सारखा केला, पुन्हा सारखा केला.

“मावशी, कालची लस मेलेली होती,” तो म्हणाला. “मीच मारली. घाईत बर्फ तसाच भरला, लस गोठली. तांबडीला काल टोचलं ते बहुतेक फुकट गेलं.”

मावशी ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने नुसतं फाटक लावलं आणि आतून कडी घातली.

मग लपवण्यासारखं काही उरलंच नाही. तो आधी मागच्या तिन्ही गोठ्यांत गेला आणि खरं काय ते सांगून आला. पैलवानाच्या आवाजाने समोरची कबुतरं उडाली. “माझी म्हैस म्हणजे काय तुझ्या बायकोची टाचण्यांची उशी आहे? दिसली की टोच?” मग बर्फवाला पुढच्या गोठ्यात गेला, मग त्याच्या पुढच्या. तीच वाक्यं त्याने प्रत्येक दारात म्हटली. काहींनी शिव्या देत का होईना, गाय पुढे केली. बऱ्याच जणांनी हाकललं. दुपारपर्यंत जेमतेम निम्मी जनावरं झाली, आणि नदीपलीकडून फोन आला की आणखी अकरा गाई आडव्या झाल्या.

तो परत मावशीच्या फाटकाशी आला. आत ती गव्हाण साफ करत होती.

“अजून इथेच? बर्फ वितळला असेल तुझा.”

“नाही. आज थांबलो होतो.”

“कशाला थांबायचं?”

त्याने फाटकाच्या गजांतूनच तिला सगळं सांगितलं, घाम फुटण्याचं आणि कानाशी धरण्याचं. मावशीने हात पुढे केला. “दे इकडे.” तिने पॅक कानाशी धरून हलवला. “वाजतंय की.”

इथे त्याने गप्प राहायचं होतं. काम झालं होतं. पण एकदा सुटलेली जीभ थांबेना. “आता दुपारी कुठलाही वाजेल, मावशी. सकाळी, पेटी भरताना वाजायला हवा. तो मी काल ऐकलाच नाही.”

मावशीने पॅक परत दिला. त्याच्याकडे नीट बघून घेतलं. “मग उद्या इथे येऊन भर. माझ्यासमोर.”

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने फ्रीझरमधले दगडासारखे पॅक गोणपाटात गुंडाळून आणले. लसीच्या बाटल्या वेगळ्या डब्यात होत्या, रात्रभर फ्रीजमध्ये गार ठेवलेल्या कालच्या पॅकसोबत. मावशीने गोठ्याच्या बुटक्या भिंतीवर पॅक मांडून घेतले आणि त्याच्यासमोर एक स्टूल आपटलं. “बस.”

तो बसला. लगेच उठला.

“बस म्हटलं ना!”

हळूहळू गल्ली जमा झाली. काल हाकलणारे आले, टोचून घेतलेलेही आले. पैलवान हाताची घडी घालून उभा राहिला. बर्फ वितळताना बघण्यात काय गंमत असते कोण जाणे, पण कुणी हललं नाही. बर्फवाल्याचा जीव टांगणीला लागला होता. पुलापलीकडे साथ, इथे चाळीस जनावरं बाकी, आणि तो स्टुलावर. गुडघा आपोआप हलत होता. त्याने तो हाताने दाबून धरला, तर दुसरा हलायला लागला.

दहा मिनिटांनी मावशीने एक पॅक उचलला, कानाशी धरून हलवला. “नाही अजून.”

पॅक पांढराच होता. मग कडेने ओला दिसायला लागला. भिंतीवर डाग पडला. पैलवानाने पुढे होऊन स्वतः हलवून पाहिला आणि कबूल केलं, “नाही अजून.” शेजारीण आली, तिनेही हलवला. बर्फवाल्याचा हात आपसूक पुढे गेला, तर मावशीने त्यावर चापट मारली.

“तुझा कान नको. तुझ्या कानाला घाई असते.”

लोक हसले. तोही हसला, आणि हसता हसता त्याला एकदम रडायला आलं. एकवीस वर्षं ज्या दारांत तो खुंटे वाचत उभा राहिला, ती सगळी दारं आज त्याला वाचत होती. लाज वाटली. पण गुडघे केव्हा थांबले, ते त्याचं त्यालाही कळलं नाही.

“वाजलं,” मावशी म्हणाली. तिने पॅक आधी पैलवानाच्या कानाशी धरला, मग सगळ्यांच्या, आणि अगदी शेवटी बर्फवाल्याच्या. आत पाणी डुचमळत होतं.

“आता भर,” ती म्हणाली आणि तांबडीला आणायला गेली.

साथ पुढे पूल ओलांडून आली. गल्लीच्या तोंडाशी एकाने बाजारातून तीन नवी वासरं आणली होती, ती आजारी पडली. त्यापलीकडे ती शिरली नाही. डॉक्टरीणबाईंनी बर्फवाल्याला लेखी समज दिली, आणि ती त्याने वाचून सही करून घेतली.

गल्लीत आता त्याच्यावर कुणाचाही काडीचा विश्वास नाही. लसीच्या दिवशी पेटी मावशीच्या भिंतीवरच भरली जाते. तो स्टुलावर बसतो आणि येणारा-जाणारा पॅक उचलून कानाशी धरतो. एवढी वर्षं इमानाने काम केलेल्या माणसाला हे लागत नसेल असं नाही. लागतं. पण नंतर तो गल्लीत शिरतो तेव्हा सगळ्या गाई दारात उभ्या असतात, आणि स्वयंपाकघरात एकही नसते.