तिचं अजून जमिनीवरच होतं

बेळगावहून निपाणीला जाताना बसमध्ये माझ्या शेजारी एक बाई बसली होती. मांडीवर वडगावच्या मागावरच्या साड्यांचं गाठोडं, त्यावर टेकवलेला फोन. दूरसंचार उपग्रह सुटायचा होता आणि त्याचं थेट प्रक्षेपण आम्ही दोघी आपापल्या फोनवर बघत होतो. तिचा फोन मात्र सारखा अडखळून मागं राहत होता.

माझ्या फोनवर रॉकेट धूर सोडत वर गेलं. मी टाळ्या वाजवल्या. शेजारी बघते तर बाईनं पाय चपलांतून बाहेर काढलेले, हात जोडलेले, ओठ हलतायत.

मला हसू आलं. चार माणसांना ऐकू जाईल असं मी म्हटलं, "आक्का, आता कशाला हात जोडताय? गेलं की कवाच वर!"

मागचे दोघंतिघं हसले. तिनं हात सोडले नाहीत.

"तुमचं गेलं असंल, ताई. माझं अजून जमिनीवरच हाय. नीट जाऊ द्या की."

मी खिडकीबाहेर बघत राहिले. जरा वेळानं तिनं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. डोळे भरलेले. फोन माझ्यापुढं धरून म्हणाली, "गेलं बघा, ताई! गेलं!"

"व्हय?" मी म्हटलं. मान खाली घालून मी ते पुन्हा बघितलं.