डुकरांची लस आणि बैल पाडणारे

डुकरांना लस टोचायची ठरली तेव्हा आमच्या यजमानांनी सगळ्यांत आधी काय केलं, तर गावात जाऊन बैल पाडणारे दोन भाऊ ठरवले. मी पिचकारी आणि सुया उकळायला ठेवत होते.

"अहो, डुकरं पाडायची कशाला? टोचायची आहेत ना?"

"पाडल्याशिवाय टोचणार कशी? तू आपलं स्वयंपाकघरात बघ."

हा माणूस घाटात इंजिन चालवायचा. वर चढणाऱ्या गाड्यांना मागून रेटा द्यायचं वाफेचं इंजिन. घाटात वीज आली, रेटा देणाऱ्यांची गरज संपली आणि यजमान घरी आले. येताना हुकूम सोडायची सवय मात्र बरोबर घेऊन आले. लोणावळ्याखाली वळवणच्या बाजूला आम्ही दीड एकराचा तुकडा घेतला. त्यात होईल तेवढा भात, आणि बाकी डुकरं. आम्ही ख्रिस्ती, आम्हाला डुकराचं वावडं नव्हतं. लोणावळा-खंडाळ्याच्या बंगल्यांतून खरकट्याचे डबे फुकट मिळत, आणि बंगल्यांवरचे गोव्याकडचे खानसामे दारात येऊन डुकरं घेऊन जात. गावातल्या बायका आमच्या बांधावरून जाताना नाकाला पदर लावत. त्यांतल्या निम्म्या त्याच बंगल्यांत भांडी घासायच्या. आमचं खरकटं त्यांच्याच हातून डब्यात पडायचं. पण बांध आला की पदर नाकाला.

त्या उन्हाळ्यात खंडाळ्याच्या एकाची डुकरं पटापट मरायला लागली. आधी ताप, मग मागचे पाय लटपटायचे, मग खेळ खलास. ही साथ आमच्याकडे येणार हे सांगायला कोणी शहाणा लागत नव्हता, कारण त्याची डुकरं मोकाट फिरत आणि कावळे-कुत्री दोन्हीकडे जात. आमच्याकडे डझनभर डुकरं होती आणि त्यात एक गाभण डुकरीण. आवारातलं जवळजवळ प्रत्येक डुक्कर तिच्याच पोटचं. ती गेली असती तर पुन्हा सुरुवात करायला आमच्याकडे काही नव्हतं. यजमानांना कोणी दुसरं इंजिन देणार नव्हतं.

मला टोचायचं काम नवं नव्हतं. लग्नाआधी मी मिशनच्या दवाखान्यात नर्सचं शिक्षण घेतलं होतं आणि माणसांना भरपूर टोचलं होतं. माणसं जास्त ओरडतात. पण माझा अनुभव घरात कोणाच्या लक्षात राहत नसे. यजमानांनी पुण्याला खेटे घालून सरकारी ढोरांच्या डॉक्टरांना यायला राजी केलं होतं, आणि डॉक्टर येणार म्हटल्यावर मी पाणी तापवण्यापुरती उरले.

डॉक्टरांनी निरोप पाठवला होता, 'ऊन चढायच्या आत सगळी तयारी ठेवा.' आम्ही ठेवली. ते आले तेव्हा सावली पायाखाली आली होती. पांढरी पाटलोण, हॅट, हातात लाकडी पेटी. पेटीत भुसा, भुशात बर्फ, बर्फात लसीची बाटली. दुसऱ्या हातात स्वतःच्या पाण्याचा तांब्या. आमचं आवार रेल्वेचे जुने स्लीपर उभे पुरून केलेलं होतं. त्या स्लीपरांच्या बाहेर ते उभे राहिले ते राहिलेच.

"मी इथून सूचना देईन. आत येणार नाही."

"का बरं?" मी विचारलं.

"घरी सोवळंओवळं आहे, बाई. आई आहेत."

ढोरांच्या डॉक्टरकीचं सरकारी शिक्षण घेताना यांनी डुक्कर हे ढोर नाही अशी काही वेगळी परीक्षा दिली होती की काय कोण जाणे. पण माहिती मात्र भडाभडा सांगितली. बाटली एकदा उघडली की त्याच दिवशी संपवायची. निरोगी डुकरालाच टोचायचं, कळपात रोग शिरल्यावर टोचून उपयोग नाही. आणि या रोगानं मेलेल्या डुकराची मूत्रपिंडं पाहिली तर त्यांवर टिटवीच्या अंड्यासारखे ठिपके असतात. मी ऐकून ठेवलं.

तेवढ्यात दोघे भाऊ आले. तळेगावच्या बाजारात खुरांना पत्री मारायच्या वेळी बैल पाडण्यात दोघांचं नाव होतं. एक कासरा, दोन गाठी, आणि बघता बघता बैल आडवा. थोरल्यानं आत यायच्या आधीच मला सांगितलं, "बाई, येक सांगून ठिवतो. हात लावणार न्हाई. जे काय करायचं ते कासऱ्यानं करू."

"बैलाला हात न लावताच पाडता का?"

"बैल म्हंजे म्हादेवाचा नंदी. ह्ये काय हाय?"

"हे नाताळचं जेवण आहे."

धाकटा फिसकन हसला आणि थोरल्यानं त्याच्याकडे डोळे वटारले.

मग जे झालं ते बघायला बांधावर पदरवाल्या बायकासुद्धा थांबल्या, पदर खाली करून. बैलाला शिंगं असतात, वशिंड असतं, कासरा अडकायला जागा असते. डुक्कर म्हणजे तेल लावलेली उशी. भाऊ फास टाकत, डुक्कर त्यातून निसटे, आणि कासरा धुळीत पडे. स्लीपरांवरून डॉक्टर ओरडत होते, "मानेत फास टाका! मानेत!"

"साहेब," थोरला घाम पुसत म्हणाला, "मान कुटं हाय ती दावा, फास आमी टाकतो."

"डोकं संपलं की पोटच लागतंय," धाकट्यानं भर घातली.

यजमान मधोमध उभे राहून दोन्ही हातांनी खुणा करत होते. "डावीकडून घ्या! दाबा! सोडा आता, सोडा!" डुकरांना त्यांतलं काही कळत नव्हतं. भावांनाही कळत नव्हतं.

शेवटी एका तरण्या नराच्या मागच्या पायात फास बसला. भावांना एवढा आनंद झाला की दोघांनी मिळून ओढायला सुरुवात केली. एका बाजूला ते, दुसऱ्या बाजूला डुक्कर, आणि वर एप्रिलचं ऊन. डुकराला घाम येत नाही. ते तापलं की त्याला चिखल लागतो नाहीतर सावली. मी सांगत होते, "सोडा त्याला, पाणी ओता." कोणी ऐकेना. ते किंचाळत होतं, मग किंचाळायचं थांबलं, तोंड उघडं टाकून धापा टाकायला लागलं, कान जांभळे पडले, आणि आडवं झालं.

"पाडलं!" धाकटा म्हणाला.

पाडलं खरंच. ते मेलं होतं.

डॉक्टरांनी स्लीपरांवरून मान लांब करून पाहिलं. "कान जांभळे आहेत. झालं, रोग आत आला आहे." आणि पेटीचं झाकण लावायला लागले. "आता इथे लस वाया घालवता येणार नाही. सोमाटण्याला एकाची डुकरं आहेत, ती तरी वाचतील."

यजमानांचे खुणा करणारे हात खाली आले. घाटात गाडी उताराला लागली की हा माणूस काय करत असेल देव जाणे. त्यांनी टोपी काढली आणि नुसते उभे राहिले, जणू डुकरिणीसकट सगळी आताच पुरायची आहेत.

मी हात पुसत आवाराबाहेर गेले. "डॉक्टरसाहेब, हे उन्हानं मेलं."

"बाई, तुम्हाला यातलं काय कळतं?"

"मला नाही कळत. तुम्हाला कळतं. मूत्रपिंडावर ठिपके असतात, असं तुम्हीच म्हणालात. मी फाडते, तुम्ही बघा. ठिपके असले तर लस घेऊन सोमाटण्याला जा, मी चहासुद्धा विचारणार नाही."

"बरं. फाडा. मी इथून बघतो."

"तिथून दिसायचं नाही."

त्यांनी हातातल्या पेटीकडे पाहिलं, बांधावरच्या बायकांकडे पाहिलं. थोरला भाऊ मोठ्या काळजीनं म्हणाला, "साहेब, बूट भाईरच ऱ्हाऊ द्या. न्हाईतर तुमच्यासंगं बुटास्नी बी आंगुळ."

डॉक्टर बुटांसकट आत आले.

नाताळची सुरी काढून मी डुक्कर उघडलं. यजमानांनी पाय धरले. तेवढं त्यांना न सांगता जमलं. डॉक्टर नाकाला रुमाल लावून वाकले. मूत्रपिंड मी कापून हातात घेतलं, पाणी ओतून धुतलं आणि त्यांच्यापुढे धरलं. मग त्यांनी जे केलं ते त्यांच्या बाजूनं सांगितलं पाहिजे, कारण त्यांच्या बाजूनं सांगण्यासारखं तेवढं एकच आहे. त्यांनी रुमाल खिशात घातला, मूत्रपिंड माझ्या हातून घेतलं, नखानं वरचा पापुद्रा सोलला आणि उजेडाकडे फिरवून फिरवून पाहिलं. दुसरंही मागून घेतलं. खोटं बोलले असते तर मी काय करणार होते?

"स्वच्छ आहेत," ते म्हणाले. "पेटी आत आणा."

मी भावांना कासरा गुंडाळायला सांगितला. स्वयंपाकघराची भिंत आणि स्लीपर यांच्यामध्ये एक अरुंद बोळ होता, आणि त्या बोळातच डुकरांची दगडी डोणी होती. रोज संध्याकाळी डुकरं तिथे एकाला एक चिकटून खायला उभी राहत. त्या दिवशी संध्याकाळची वाट न पाहता मी डबे ओतले. बोळात सावली होती. मघाशी जिवाच्या आकांतानं पळणारी डुकरं तोंड खुपसून उभी राहिली. डॉक्टरांचे हात बाटलेच होते, त्यामुळे ते पिचकारी भरून देत होते आणि मी स्लीपरांच्या फटीतून कानामागे टोचत होते. एखादं कान झटकायचं, एखादं शेजारच्याला ढुशी द्यायचं. उरलेली खाण्यात होती.

"आँ!" धाकटा म्हणाला. "ह्यांना कळंना व्हय?"

"पंगतीत बसल्यावर तुला तरी काय कळतं?" थोरला म्हणाला.

डुकरीण मात्र आली नाही. दिवस भरत आले होते, खोपटात गवत गोळा करून पडून होती, आणि दारात कोणी आलं की दात वाजवत होती. भावांनी एकमेकांकडे पाहिलं. यजमान म्हणाले, "तिला बांधावंच लागेल."

"बांधलीत तर पिल्लं टाकेल. सगळे लांब व्हा."

मी खराटा आणि भरलेली पिचकारी घेतली आणि आत गेले. ती उठली, घुरघुरली. पुढे होऊन मी खराटा तिच्या पोटाखाली घातला आणि खसखसून घासायला लागले. ती उभी राहिली. डोळे मिटायला लागली. मग गुडघ्यातून सैल पडली आणि सगळं अंग टाकून कुशीवर झाली, पाय लांब करून. डाव्या हातानं घासत राहिले, उजव्यानं टोचलं. मोठी पिचकारी होती, सगळी आत जाईपर्यंत वेळ लागला. तिनं एक डोळा उघडला आणि मिटला.

बाहेर आले तर डॉक्टर विचारतात, "हे आधीच का नाही केलंत?"

"आधी मला स्वयंपाकघरात पाठवलं होतं."

अंघोळीसाठी मी बादली आणि साबण काढला. डॉक्टरांनी विचारलं, विहीर कोणाची? आमचीच, म्हटलं. त्यावर त्यांनी विचार केला, आणि हात लांब धरून भर उन्हात धरणाच्या पाण्याकडे चालत निघून गेले.

पुढच्या दिवसांत दोन डुकरांना ताप आला, एक मेलं. लसीनं बाकीची वाचली की साथच विरली, मला ठाऊक नाही. यजमानांना ठाऊक होतं. 'आम्ही डुकरं कशी धरली' याच्या कथा ते स्टेशनवर सांगत होते आणि त्यांत कासरा होता, खराटा नव्हता.

मी डुकरिणीवर नजर ठेवून होते. खायला येत होती तोवर ठीक. मग एका सकाळी डबे ओतले आणि ती आली नाही. सगळी डुकरं जेवली, तरी नाही. यजमान खोपटाच्या दारापर्यंत गेले आणि तिथूनच परतले. आत बघायचा धीर त्यांना होईना.

"गेली का गं?" त्यांनी मला विचारलं.

मी वाकून आत पाहिलं. गवतात ओली, गुलाबी पिल्लं एकमेकांवर चढत आचळं शोधत होती, आणि ती थकून पडली होती, पण कान हलवत होती.

"गेली नाही, व्याली," मी म्हटलं. "आता ओरडू नका. दचकून उठली तर पिल्लांवर बसेल."

ते ओरडलेच. ती दचकून उठली, आणि एका पिल्लावर बसली. बाकीची जगली.